ताई, पाचशे जीपे कर ना!

टीनएजर्सना पैशांचं बजेट शिकवायचं कोणी? आईबाबांनी? शाळेने? की एक तारखेला राजा आणि वीस तारखेला कडकी, अशा अवस्थेतल्या तुम्ही-आम्ही? एका उपाशी भावाची आणि त्याच्या कर्जबाजारी ताईची ही गोष्ट...

सहावी पोळी त्याने ताटात ओढली तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

२४ ऑगस्ट २०२५, रविवारची संध्याकाळ. गणपती तीन दिवसांवर आलेले. स्थळ, कोथरूडमधला माझा वन आरके. ताटावर बसलेले आमचे बंधुराज, म्हणजे माझा मामेभाऊ. वय वर्षं सतरा, मूळ गाव कराड, सध्या बारावी सायन्स, सीईटीचा क्लास आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर मुक्काम. आता रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मेस बंद असतात, हे पुण्यात बॅग टेकवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्यामुळे दोन-तीन रविवारांआड तो जेवायला माझ्याकडे टपकतो, त्यात विशेष काही नाही. पण रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते. आणि फीस्ट हाणलेला मुलगा रात्री आठ वाजता सहा पोळ्या खात नाही.

"दुपारी काय होतं रे फीस्टला?" मी सहज विचारलं.

"गेलो नाही."

"का?"

"मेस बंद केलीये."

"कधीपासून?"

उत्तर द्यायच्या ऐवजी त्याने बटाट्याची भाजी वाढून घेतली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. महिन्याचे ३२०० रुपये त्याने मेसवाल्या काकांना दिलेच नव्हते. काका बिचारे पंधरा तारखेपर्यंत काही बोलले नाहीत. सोळा तारखेला त्यांनी फक्त "जमा करायचे राहिलेत हं" एवढं म्हटलं, आणि लाजेने हा त्या दिवसापासून तिकडे फिरकलाच नाही. आठ दिवस सकाळी पोहे, रात्री वडापाव. पैसे अगदीच संपले तेव्हा रूममेटच्या डब्यातली बिस्किटं.

"अरे, मग घरी सांगायचं नाही का? मला सांगायचं!"

"काय सांगू? बाबांनी दोन तारखेलाच पैसे पाठवले होते. कुठे गेले विचारलं असतं. मलाच माहीत नाही कुठे गेले."

हे वाक्य तो इतक्या प्रामाणिकपणे बोलला की मला ओरडताही येईना. कारण "कुठे गेले मलाच माहीत नाही" हे मी स्वतः दर महिन्याच्या वीस तारखेला म्हणते. आणि माझं वय सतरा नाही, अठ्ठावीस आहे.

१४३ वेळा टुंग!

मामीला फोन केला तर तिचा पहिला संशय ठरलेला. "गेमवर लावले असतील गं. टीव्हीवर दाखवतायत रोज." मामीचंही चूक नव्हतं. त्याच आठवड्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा मंजूर केला होता, आणि मुलांनी आईबापाचे पैसे कसे उडवले याच्या कहाण्या घराघरात पोचल्या होत्या. मी बंधुराजांचा फोन मागितला. त्याने निमूटपणे दिला. आम्ही दोघांनी मिळून एक ऑगस्टपासूनचं स्टेटमेंट उघडलं आणि वही-पेन घेऊन बसलो.

गेम नव्हता. सिगरेट नव्हती. गर्लफ्रेंड नव्हती (हे जरा निराशेनेच लिहितेय, निदान स्टोरी रंगली असती). चोवीस दिवसांत १४३ पेमेंट्स होती. त्यातली शंभराहून जास्त शंभर रुपयांच्या आतली. चहा-क्रीमरोल, कोल्ड कॉफी, सँडविच, पुन्हा चहा, यांचे मिळून ३३१०. तीन रविवारच्या रात्री, मेस बंद म्हणून मागवलेलं जेवण, १४८०. मित्रांच्या बड्डेची कॉन्ट्री १३५०. मोबाइल रिचार्ज आणि एक रुपयात ट्रायल म्हणून घेतलेलं, मग आपोआप २९९ कापणारं कुठलंसं सबस्क्रिप्शन, असे दोन्ही मिळून ६४८. मित्रांना 'पाठव ना, उद्या देतो' म्हणून दिलेले १२२०. झेरॉक्स, रिक्षा आणि किरकोळ ४५२. बेरीज ८४६०. शिवाय दोन तारखेला पैसे आल्या आल्या रूममेटची जुलैतली १७०० ची उधारी फेडली होती. मेसचे पैसे 'उरलेल्यातून देऊ' म्हणून ठेवले होते. उरले होते चाळीस रुपये.

यात उधळपट्टी म्हणावी अशी एक तरी गोष्ट दाखवा मला! एकही नाही. म्हणूनच तर गंमत आहे. आपल्या आज्या-आया म्हणायच्या, पाचशेची नोट मोडली की संपली. म्हणून ती मोडायची नाही, शक्यतो पाकिटाच्या आतल्या कप्प्यात घडी घालून ठेवायची. ती नोट मोडताना मनाला जे टोचायचं ना, तेच खरं बजेट होतं. युपीआय सुरू झालं २०१६ मध्ये, त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, तेव्हा आमचा हिरो तिसरीत होता. त्याला नोट मोडायचं दुःख माहीतच नाही. त्याच्यासाठी पैसे म्हणजे स्क्रीनवरचा एक आकडा, जो कमी झाला की कोणीतरी वाढवतं.

आणि हे 'कोणीतरी वाढवतं' प्रकरण काय आहे, ते दोन मिनिटांत कळलं. कारण मामाने महिन्याला पाठवले होते ७०००. मेस आणि वरखर्च धरून. मग १०,१६० खर्च झाले कसे?

चार नळ

मी जमेच्या बाजूला बोट ठेवलं. मामा ७०००. मामी, दोन वेळा, एकूण १२००, 'बाबांना सांगू नको' या नोटसह. पंधरा ऑगस्टला घरी गेला तेव्हा आजीने पेन्शनमधली हातात कोंबलेली पाचशेची नोट, जी त्याने पुण्यात आल्यावर मित्राला देऊन खात्यात जमा करून घेतली. आणि उरलेले १५००?

ते मी दिले होते. तीन वेळा पाचशे. "ताई, पाचशे जीपे कर ना" असा मेसेज यायचा, मी कुठल्या तरी प्रेस कॉन्फरन्सला असायचे, अंगठा दाबायचे, विषय संपायचा. मला वाटायचं, आपण किती कूल ताई आहोत! आपल्या वेळी कोणी दिले होते असे?

म्हणजे आमच्या घरात एका मुलासाठी चार नळ सुरू होते आणि कुठल्या नळाला किती पाणी येतंय हे बाकीच्या तिघांना माहीत नव्हतं. मामाला वाटत होतं पोराला सात हजार पुरतात. पोराला मात्र एवढंच कळलेलं की कमी पडले की मेसेज टाकायचा. मग त्याने हिशेब ठेवावा कशाला? सांगा ना! ज्या टाकीचा तळच दिसत नाही, तिचं पाणी कोण मोजून वापरतं? बजेट हा शब्द आपण मुलांच्या तोंडावर फेकतो, पण बजेटसाठी आधी ठरलेली रक्कम लागते. मोठमोठ्या बँकर्सनाही जमा किती हे माहीत नसताना खर्चाचं नियोजन जमायचं नाही, तर सतरा वर्षांच्या मुलाला काय जमणार?

तुम्ही हे आत्ता ऑफिसच्या कँटीनमध्ये वाचत असाल आणि घरी एखादं पंधरा-सोळा-सतरा वर्षांचं भावंड, भाचा, पुतणी असेल, तर तुमचं चॅट एकदा स्क्रोल करून बघा. चौथा नळ बहुतेक तुम्हीच आहात.

आजोबांची वही

गणपतीला आम्ही दोघे एसटीने कराडला गेलो. आरती झाली, मोदक झाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी तो कागद सगळ्यांसमोर ठेवला. मुलाची परवानगी घेऊन, हे आवर्जून सांगते. त्याला न विचारता केलं असतं तर तो पुन्हा कधी माझ्यासमोर फोन उघडता ना!

जे व्हायचं तेच झालं. मामाचा पारा चढला. मामाचं हार्डवेअरचं दुकान आहे, रोज रात्री गल्ला मोजल्याशिवाय शटर खाली येत नाही. "गल्लेवाल्याचा पोरगा आणि हिशेब येत नाही? काढून घे तो फोन. नाहीतर बोलाव परत, इथून क्लास कर म्हणावं." मामी रडायला लागली, ती पैशांसाठी नव्हे, आठ दिवस पोरगा जेवला नाही म्हणून. आजी म्हणाली, "मी दिले ते चुकलं का माझं?" आणि वातावरण आणखीच बिघडलं.

मग आजीच उठून आत गेली आणि आजोबांची वही घेऊन आली. आजोबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. मळक्या लाल कापडी बांधणीची ती वही मी लहानपणी पाहिली होती, पण उघडून कधी वाचली नव्हती. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे, खाली शिल्लक. दूध, रॉकेल, सायकलचं पंक्चर, 'चि. मधल्याची चप्पल'. पगाराच्या दिवशी आजी त्या पैशांची पाकिटं करायची. दुधाचं, किराण्याचं, फीचं, सणाचं. सणाच्या पाकिटाला फीच्या वेळी हात लावायचा असेल तर दोघांनी मिळून ठरवायचं. मामाला एकदम आठवलं, त्याच्या शाळेत संचयिका होती. वर्गात बाई मुलांकडून चार-आठ आणे गोळा करून छोट्याशा पासबुकात लिहून द्यायच्या. "सहलीला तेच पैसे काढले होते मी," मामा म्हणाला. आवाज जरा खाली आला होता.

मला इथे पाकिटांचं गुणगान गायचं नाही. त्या पाकिटांत महिनाअखेरीला काहीच उरायचं नाही, हेही वहीत स्वच्छ दिसतं. पण एक गोष्ट लक्षात आली. आजोबांच्या मुलांना घरात किती येतात आणि कशावर जातात हे दिसत होतं. आपण मुलांना फक्त 'एवढे पैसे झाडाला लागतात का?' हे ऐकवतो. झाड दाखवत नाही.

मुलांच्या खात्यांबद्दलचे नियम मात्र गेल्या काही वर्षांत बरेच सुटसुटीत झालेत. रिझर्व्ह बँकेच्या २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकानुसार दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खातं स्वतः उघडता आणि चालवता येतं, मर्यादा बँकेने ठरवायच्या. बँकांना १ जुलै २०२५ पर्यंत आपापली धोरणं त्याप्रमाणे बदलायला सांगितलं होतं. डेबिट कार्ड, नेट बँकिंग द्यायचं की नाही हे बँकेवर, पण एक गोष्ट पक्की, मुलांचं खातं उणे होता कामा नये. म्हणजे शिकण्यासाठी याच्याइतकी सेफ जागा नाही. फार तर शून्यावर येईल, त्याच्या खाली जाणार नाही. शिवाय अठरा वर्षांखालच्या व्यक्तीने केलेला करार आपल्याकडे १८७२ च्या कायद्याप्रमाणे कायदेशीर ठरत नाही, त्यामुळे त्याला रीतसर कर्ज किंवा स्वतःचं क्रेडिट कार्ड मिळत नाही. हे सगळं कवच अठराव्या वाढदिवशी गळून पडतं. आमच्या हिरोच्या त्या वाढदिवसाला तेव्हा एक वर्षही राहिलं नव्हतं. मामाला हे पटलं. फोन काढून घेतला तर हा सगळं शिकणार कधी? अठराव्या वर्षी, लोनच्या मेसेजेसकडून?

युपीआय सर्कलचाही विषय निघाला. २०२४ मध्ये आलेली ही सोय घरच्यांच्या फार कामाची आहे म्हणतात. आपल्या खात्यातून घरातल्या पाच जणांपर्यंत पेमेंटची परवानगी देता येते. एका प्रकारात महिन्याची कमाल १५,००० ची मर्यादा असते, दुसऱ्यात प्रत्येक पेमेंटला मूळ खातेदाराने हो म्हणावं लागतं. मामाला हा दुसरा प्रकार फार आवडला. मी म्हटलं, मामा, तू गिऱ्हाइकाला खिळे जोखून देत असताना दर तासाला पंधरा रुपयांच्या चहाला मंजुरी देणार आहेस का? विषय तिथेच संपला. माझं स्पष्ट मत आहे, लहान भावंडाला किंवा आजीला ही सोय उत्तम. पण सतरा वर्षांच्या मुलाच्या प्रत्येक चहावर बापाची सही लागली तर तो हिशेब शिकत नाही, लपवायला शिकतो.

सोमवार

ठरलं ते असं. मेसचे ३२०० मामा एक तारखेला थेट काकांना पाठवणार. पोटाशी प्रयोग नाही. माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा नियम हाच होता. पैसे संपले तर कोल्ड कॉफी बंद व्हावी, जेवण नाही. क्लास, औषधं आणि घरी यायचं एसटीचं भाडं वेगळं. बाकी सगळं, म्हणजे चहा, रिचार्ज, झेरॉक्स, बड्डे, रविवारची रात्र, हे आठवड्याच्या १००० रुपयांत. पैसे येणार सोमवारी सकाळी. रविवारी नाही, कारण रविवारी संध्याकाळी दिले तर रविवारी रात्रीच संपतील! आणि बाकीचे तीन नळ बंद. आजीने विचारलं, "दिवाळीला तरी?" दिवाळीला चालेल म्हटलं, पण सगळ्यांसमोर.

आता सिनेमात असतं तसं पुढच्या महिन्यात सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. पहिला सोमवार एक सप्टेंबर. गुरुवारी रात्री मेसेज आला, "ताई, दोनशे जीपे कर ना, सोमवारी परत देतो. प्रॉमिस." मी दिले. हो, दिले! कराडला एवढं लेक्चर झोडून आलेल्या मी, चौथ्या दिवशी अंगठा दाबला. आणि मामीने दीडशे दिल्याचं मला पुढच्या आठवड्यात कळलं. मुलं नियम मोडतात असं आपण म्हणतो, पण आमच्या घरात आधी मोठ्यांनी मोडला.

दुसऱ्या आठवड्यात मी 'नाही' लिहिलं. फक्त 'नाही', पुढे कसलाही डोस नाही. निळ्या खुणा आल्या आणि रात्रभर रिप्लाय आला नाही. खरं सांगते, मला झोप लागली नाही. सकाळी सदाशिव पेठेत जाऊन बघून यावंसं वाटत होतं. गेले नाही. मेस चालू आहे ना, जेवतोय ना, एवढं काकांना फोन करून विचारलं.

मधल्या काळात मी त्याला शहाण्यासारखं ५०-३०-२० चं सूत्रही शिकवून पाहिलं. निम्मे गरजांना, तीस टक्के हौसेला, वीस बचतीला. अमेरिकेतल्या एलिझाबेथ वॉरन आणि त्यांची मुलगी अमेलिया वॉरन त्यागी यांच्या २००५ च्या पुस्तकातून हे जगभर पसरलं. आपल्या ऑफिसातल्या प्रत्येक 'फायनान्स गुरू'च्या तोंडी असतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताई, माझ्या गरजा तर बाबाच भरतात. मग माझं सगळंच हौस ना?" गप्प बसले. ते सूत्र पगारदार माणसासाठी आहे, जो भाडं आणि किराणा स्वतः भरतो. टीनएजरला ते जसंच्या तसं लावणं म्हणजे बाबांचा सूट मुलाला घालण्यासारखं आहे. खर्च नोंदवायचं अ‍ॅप तीन दिवस टिकलं. आजीने कौतुकाने दिलेली कोरी वही पाच दिवस.

चाललं ते एकच. रविवारी संध्याकाळी, माझ्याकडे किंवा व्हिडिओ कॉलवर, दहा मिनिटं स्टेटमेंट उघडून बसायचं आणि प्रत्येक पेमेंटसमोर बोलायचं, परत करशील का? 'हो' किंवा 'नाही', बस्स. मी काही कॉमेंट करायची नाही, हा त्याचा नियम. पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्याला 'हो'. तिसऱ्या आठवड्यात एका कोल्ड कॉफीला तो 'नाही' म्हणाला. "नको होती. सगळे घेत होते म्हणून घेतली." मला आतून नाचावंसं वाटत होतं, पण नियम म्हणजे नियम.

आणि मग मला सुचल्या नसत्या अशा गोष्टी त्याने स्वतःच केल्या. रविवारच्या रात्रीचं भोक त्याने बुजवलं. मेसच्या काकूंना विचारून दुपारच्या फीस्टनंतर तो पोळ्या आणि भाजी डब्यात भरून आणायला लागला, जास्तीच्या पोळ्यांचे वीस-तीस रुपये देऊन. रूमवरच्या चौघांनी बड्डेसाठी नवा फंडा काढला, महिन्यात जितके बड्डे तितक्यांचा मिळून एकच केक. बाकी टीटीएमएम, तू तुझं मी माझं. ते २९९ चं सबस्क्रिप्शन बंद केलं. असले पैसे कापायच्या आदल्या दिवशी मेसेज येणं बंधनकारक आहे, तो त्यालाही येत होता, फक्त त्याने कधी वाचला नव्हता (मीही नसतो वाचत). मित्रांना दिलेल्या १२२० पैकी ८२० परत आले. राहिलेले ४०० ज्याच्याकडे आहेत त्याच्या घरी प्रॉब्लेम आहे, म्हणून मागायचे नाहीत, हेही त्यानेच ठरवलं. मामाला हे सांगितलं तर मामा काही बोलला नाही. दुकानाच्या उधारीच्या वहीत त्याचीही अशी काही पानं आहेत.

अर्धी मेस

पण खरा बॉम्ब सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पडला. त्याचं स्टेटमेंट झालं आणि साहेब म्हणाले, "आता तुझं काढ."

"माझं काय काढायचं?"

"वा गं वा! माझं सगळं बघतेस. तुझं दाखव ना."

फ्रीलान्स जर्नालिस्टचं बँक स्टेटमेंट ही काही प्रेक्षणीय वस्तू नाही. एका महिन्यात पंचेचाळीस हजार येतात, पुढच्या महिन्यात अकरा, आणि बिलं मात्र दोन्ही महिन्यांत सारखीच येतात. मधली खिंड मी क्रेडिट कार्डाने लढवत होते. ऑगस्टअखेर कार्डावर ४०,००० थकले होते आणि मी कित्येक महिने नुसतं 'मिनिमम ड्यू' भरत होते, पाच टक्के, म्हणजे २०००. वेळेवर भरतेय ना, मग टेन्शन काय, असा आपला भाबडा समज.

त्याने माझ्या कार्डाचा व्याजदर विचारला. महिन्याला साडेतीन टक्के. सीईटीचा अभ्यास करणाऱ्या मुलाला कॅल्क्युलेटर लागत नाही. चाळीस हजारांवर १४०० व्याज. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २५२. झाले १६५२. "म्हणजे तू दोन हजार भरतेस, त्यातले ३४८ च कमी होतात?" त्याने पुन्हा बेरीज तपासली. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तू दर महिन्याला माझ्या अर्ध्या मेसचे पैसे नुसते देऊन टाकतेस."

आठ दिवस वडापाववर काढलेल्या मुलाने हे म्हणावं! मी त्याला रागावले, तुला काय कळतंय, फ्रीलान्सिंग वेगळं असतं वगैरे. मग चहा टाकायच्या निमित्ताने किचनच्या कोपऱ्यात जाऊन दोन मिनिटं उभी राहिले. अकरा वर्षांनी लहान भावाला मी जे शिकवायला निघाले होते, ते मला कोणीच शिकवलं नव्हतं. मास कॉमच्या दोन वर्षांत बजेटचं वार्तांकन कसं करायचं यावर एक अख्खा पेपर होता. अर्थमंत्र्यांच्या बजेटचं हं. माझ्या नाही.

त्या संध्याकाळी कार्ड पाकिटातून निघून कपाटात गेलं. फोनमधल्या शॉपिंग अ‍ॅप्समध्ये सेव्ह केलेले कार्डाचे नंबर त्याने स्वतःच्या हाताने काढून टाकले. महिन्याला सहा हजार भरायचे ठरले, नवा फोन लांबणीवर, रात्रीची ऑर्डर बंद. आणि रविवारच्या दहा मिनिटांची वीस मिनिटं झाली, पहिली दहा त्याची, दुसरी दहा माझी. "परत करशील का?" हा प्रश्न तो मला विचारतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद असतो, तो बघण्यासारखा असतो.

२३ ऑक्टोबरला भाऊबीज होती. कराडला पाटावर बसला, मी ओवाळलं. दरवर्षी मामाच त्याच्या हातात पाकीट देतो आणि तो ते ताटात टाकतो, म्हणजे मामाचेच पैसे. यंदा त्याने खिशातून काढलं. १५१ रुपये. नोटा होत्या, मुद्दाम एटीएममधून काढून आणलेल्या, वर आजीकडून मागून घेतलेलं एक रुपयाचं नाणं. मामा काही बोलायच्या आत आजीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

मी ताट खाली ठेवतेय तोवर तो जवळ सरकून हळूच म्हणाला, "कार्ड किती राहिलं?"

"एकतीस हजार एकशे चोवीस."

"हं," तो म्हणाला, आणि फोन काढून लिहून घेतलं.